चार दारं उघडी ठेवणारी उल्काताई

उल्काताई मोहरील शाळेत नक्की काय काम करते, हे मला पहिली दोन वर्षं कुणाला नीट सांगता आलं नाही. शिक्षिका म्हणावी तर तिचा स्वतःचा वर्ग नव्हता. सकाळी फाटकाशी उभी राहून ती गाडीतून उतरणाऱ्या मुलांच्या दप्तरांच्या चेन लावायची, दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये डबे उघडून द्यायची. कुणाचा दात पडला, कुणाचं पोट दुखलं, कुणाला आईची आठवण आली, की ते मूल तिच्याकडे यायचं. कागदावर तिचं पद 'असिस्टंट' एवढंच होतं. न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी बायकांत तिचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणायचं, "एवढी शिकलेली बाई, आणि काय हे काम!" मीही त्यावर मान डोलवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

उल्काताई नागपूरची. तिथल्या एका मुलींच्या शाळेत ती आठ वर्षं पी.टी.ची शिक्षिका होती. त्याआधी खो-खो खेळायची, विद्यापीठाच्या संघातून. खांबाला वळसा घालताना एकदा अशी पडली होती की डाव्या गुडघ्यावरचा व्रण अजून ठळक दिसतो. केदारशी, म्हणजे तिच्या नवऱ्याशी लग्न झालं, त्याला प्रिन्स्टनजवळच्या एका औषध कंपनीत संख्याशास्त्रज्ञाची नोकरी लागली आणि दोघं इकडे आले. व्हिसा केदारच्या नोकरीवरचा, त्यामुळे उल्काताईला काम करायला बंदी. सहा वर्षं ती घरी होती. मुलीला, वल्लरीला, शाळेच्या बसपर्यंत सोडायचं आणि मग कालव्याच्या काठाने चालत सुटायचं, हा तिचा दिनक्रम.

त्या वाटेवर एक दगडी मीटिंग हाऊस लागतं. अडीचशे वर्षांपूर्वीचं, बसकं, कौलारू. ते क्वेकर लोकांचं. हा ख्रिस्ती धर्मातला छोटासा पंथ. स्वतःला ते 'फ्रेंड्स' म्हणवतात. त्यांच्याकडे पुजारी नाही, प्रवचन नाही. सगळे लाकडी बाकांवर तासभर शांत बसतात आणि ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून दोन वाक्यं बोलतो. एका रविवारी 'सर्वांचं स्वागत आहे' ही पाटी वाचून उल्काताई आत जाऊन बसली. तासाभरात कुणीच काही बोललं नाही. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याने तिच्याशी हस्तांदोलन केलं आणि कॉफी घ्यायला चला म्हणाला.

"रेणू, तुला काय सांगू," ती मला पुढे म्हणाली होती, "या देशात आल्यापासून पहिल्यांदा एक अख्खा तास मला कुणी विचारलं नाही, की तुम्ही सध्या काय करता."

त्या मीटिंग हाऊसला लागूनच त्यांची शाळा आहे. लहानशी, शंभर-सव्वाशे मुलांची. बहुतेक मुलं क्वेकर नाहीतच. ज्यू आहेत, मुसलमान आहेत, आमच्यासारखी घरंही आहेत. उल्काताई आधी आठवड्यातून दोन दिवस जेवणाच्या वेळी मदतीला जायला लागली, फुकट. मग केदारच्या ग्रीन कार्डचा पहिला टप्पा पार पडला, तिला वर्क परमिट मिळालं आणि शाळेने तिला कामावर घेतलं. ती क्वेकर वगैरे झाली नाही. घरी गणपती बसतो, महालक्ष्म्या बसतात. पण गुरुवारी सकाळी सगळी शाळा मीटिंग हाऊसमध्ये वीस मिनिटं शांत बसते, तेव्हा ती सगळ्यात चुळबुळ्या मुलांच्या मधोमध बसलेली असते.

माझी मुलगी आन्या पहिलीपासून या शाळेत. तिथे शिक्षकांना नावाने हाक मारतात, पुढे 'टीचर' लावून. म्हणून शाळेत ती 'टीचर उल्का' आणि आमच्या घरी आली की 'उल्का मावशी'. आन्या दोन्ही नावं इतक्या सहज बदलायची की मला गंमत वाटायची.

आन्या तिसरीत गेली त्या सप्टेंबरात वर्गात हॅटी नावाची नवी मुलगी आली. काटकुळी, तांबूस केसांची, कायम हूडचं जॅकेट घातलेली. आईवडील वेगळे झालेले, आई लांब ओरेगनला, हॅटी वडिलांजवळ. वडील ओवेन हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करायचे. हॅटी वाचायची छान, गणितात हुशार. पण ती पळायची. वर्गात आवाज वाढला, कुणी जास्त जवळ आलं, किंवा कुणालाच न कळणारं काही झालं, की ती उठून दाराबाहेर. मग कुणीतरी मागे धावायचं आणि समजूत काढून परत आणायचं. हे 'कुणीतरी' म्हणजे लवकरच उल्काताई झाली. शाळेच्या मुख्याध्यापिका जोआन यांनी ते काम तिच्याकडेच सोपवलं.

ऑक्टोबरात उल्काताईला वाटलं, मुलांना एकत्र खेळता येईल असं काहीतरी द्यावं. फुटबॉलमध्ये तीच चार मुलं पुढे असायची, बाकीची बाजूला उभी. तिने मैदानावर चुन्याने रेघा आखल्या, दोन खांब रोवले आणि मुलांना खो-खो शिकवला. आठ जण एका आड एक तोंडं करून बसलेले, एक पाठलाग करणारा, तिघे पळणारे. आठवड्याभरात सगळी तिसरी-चौथी 'खो! खो!' ओरडायला लागली. आन्या घरी हॉलमध्ये उशा मांडून मला आणि तिच्या बाबाला खेळायला लावायची. मला भारी अभिमान वाटला होता तेव्हा. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मी फोटोही टाकला होता.

हॅटी मेपलच्या झाडाखाली बसून बघायची. दोन आठवडे नुसतं बघितल्यावर एक दिवस ती येऊन म्हणाली, "मी पळू?"

उल्काताईच्या मनात क्षणभर आलं, नको. पण मुलगी आपणहून आली होती. आणि पळण्यात तिच्याइतकं तरबेज कोण? "ये," ती म्हणाली.

हॅटी सुरेख पळाली. दोनदा तिने खांबाजवळ हुलकावणी दिली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी आन्याला खो दिला. आन्या उठली, धावली आणि हात पुढे करून तिने मागून हॅटीच्या हूडला धरलं.

हॅटी किंचाळली. जी सुटली ती मैदान, पार्किंग ओलांडून थेट फाटकाबाहेर. उल्काताई तिच्या मागे, तो गुडघा घेऊन, "हॅटी, थांब! थांब!" ओरडत. फाटकातून त्याच वेळी वॉल्टरचा पिकअप ट्रक आत वळत होता. वॉल्टर म्हणजे मीटिंग हाऊसच्या बागेची देखभाल करणारा ऐंशीच्या घरातला गृहस्थ. त्याने ब्रेक दाबला. हॅटी ट्रकच्या पुढ्यात पडली. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. तिच्यात आणि बंपरमध्ये हातभर अंतर होतं.

संध्याकाळी आन्याला घ्यायला गेले तर ती रडून रडून लाल झालेली. काय झालं ते मला तुटक तुटक कळलं आणि माझं डोकं तडकलं. घरी येऊन मी जोआनला ईमेल लिहिली. या मुलीला ही शाळा झेपणारी नाही आणि शाळेला ही मुलगी. आज ती पडली, उद्या तिच्यामागे धावणारं दुसरं मूल पडेल. शिवाय असले खेळ कुणाच्या परवानगीने सुरू झाले? शेवटचं वाक्य लिहिताना हे उल्काताईबद्दल आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी लिहिलं. वर्गातल्या बाकीच्या पालकांनाही त्या ईमेलची कॉपी पाठवली. दुसऱ्या दिवशी आणखी तिघांच्या तशाच ईमेल गेल्या.

उल्काताईला मी फोन केला नाही. तिनेही मला केला नाही.

तिने राजीनामा लिहून जोआनच्या टेबलावर ठेवला होता. हे मला नंतर कळलं. जोआनने तो वाचला आणि तिला परत दिला. "शनिवारी सगळे भेटणार आहोत. तिथे ये, बस, ऐक. मग तुला द्यावासा वाटला तर घेईन."

शनिवारी सकाळी दहाला आम्ही मीटिंग हाऊसमध्ये जमलो. तीसेक माणसं होती. जोआनने सुरुवातीलाच सांगितलं की एखाद्या मुलाने शाळेत राहावं की नाही, हे इथे ठरणार नाही. पण आपण सगळ्यांनी एकत्र कसं राहायचं, ते इथेच ठरवायचं आहे. मतदान होणार नाही. एक बोलला की थोडं थांबायचं, त्याचं बोलणं पोचू द्यायचं, मग दुसऱ्याने उठायचं. आणि आधी पंधरा मिनिटं शांतता.

मी मुद्दे कागदावर लिहून नेले होते. ती पंधरा मिनिटं मला छळल्यासारखी वाटली. मग मी उठले आणि कागद वाचून दाखवला. सुरक्षितता, जबाबदारी, प्रोटोकॉल. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलते तशीच बोलले. खाली बसले, आणि कुणीच काही बोललं नाही. ना विरोध, ना दुजोरा. माझेच शब्द माझ्या कानात घुमत राहिले.

मग मागच्या बाकावरून एक माणूस उठला. हॉस्पिटलचा निळा युनिफॉर्म, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "मी हॅटीचा बाबा," तो म्हणाला. "आमच्या आधीच्या शाळेत ती वर्गाबाहेर गेली की दोघं जण तिला पकडायचे. एक हात धरायचा, एक पाय. उचलून आणायचे. नियमच होता तसा. मला ते पाच महिन्यांनी कळलं, तिच्या दंडावरचे वळ बघून." त्याने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या मुलीचं काही चुकलं नाही. तिला काय माहीत. पण हॅटीला कुणी मागून धरलं की ती इथे नसते. तिथे असते. मी हे शाळेला आधी सांगायला हवं होतं. मला वाटलं, सांगितलं तर घेणार नाहीत."

तो खाली बसला. माझ्या हातातला कागद मी घडी करून पर्समध्ये टाकला.

बऱ्याच वेळाने वॉल्टर उठला, बाकाला धरून. "त्या फाटकातून मी तीस वर्षं आत वळतोय," तो म्हणाला, "आणि तीस वर्षं जरा जोरातच वळतोय. पोरगी पळाली म्हणून सगळे बोलताहेत. पाय तर माझाही होता ना पेडलवर."

मग उल्काताई उठली. तिचं इंग्रजी चांगलं आहे, पण चार लोकांसमोर बोलताना ती शब्द जोखून जोखून बोलते.

"मी ज्या खेळात वाढले," ती म्हणाली, "त्यात पळणाऱ्याला मजा येते. म्हणून मला वाटलं, ही पळते म्हणजे हिला पळायला आवडतं. मी तिला विचारलं नाही. ही माझी चूक. त्या दिवशी मी तिच्यामागे धावले. मी जितकी जोरात, तितकी ती जोरात. रस्त्यापर्यंत तिला मीच नेलं, असं म्हणा. आणि त्या एका दिवशीच नाही, गेले सहा आठवडे मी हेच करतेय." ती ओवेनकडे वळली. "काल ओवेनला विचारून मी त्यांच्या घरी गेले होते. हॅटीला विचारलं, तू वर्गातून निघतेस तेव्हा तुला कुठे जायचं असतं? ती म्हणाली, किचनमध्ये. तिथे ब्रेडचा वास येतो. कधी लायब्ररीत. कधी ऑफिसातल्या माशांच्या टाकीजवळ. आणि ट्रकवाल्या आजोबांच्या शेडमध्ये, कारण तिथे मांजर आहे. चारही ठिकाणं आपल्याच आवारात आहेत. ती एकदाही शाळेतून पळून जात नव्हती. ती तिथे चालली होती. रस्त्याकडे तिला आपण वळवलं."

तिचं म्हणणं अगदी साधं होतं. हॅटीला जाऊ द्यायचं. टेबलावर एक कार्ड उलटं ठेवायचं आणि निघायचं, परवानगी मागायची नाही. कुणी मागे जायचं नाही. पण त्या चारही दारांत तिच्या ओळखीचं माणूस असलं पाहिजे, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत. आणि ती निघाली की पुढच्या दाराला फोनवर कळवायचं. यासाठी शाळेची माणसं पुरणार नाहीत. पालक लागतील.

एक वडील उठून म्हणाले, "आणि उद्या सगळीच मुलं कार्ड ठेवून निघाली तर?" प्रश्न चुकीचा नव्हता. आणखी दोघंतिघं बोलले. शेवटी जोआन म्हणाली, "आपण अजून एकमताला आलेलो नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा बसू." एवढं सगळं होऊन निर्णय नाहीच! मला त्यांच्या या पद्धतीचा वैताग आला. आज वाटतं, तो एक आठवडा मिळाला नसता तर मी 'नाही' म्हणूनच बसले असते.

घरी गेल्यावर आन्याने विचारलं, "व्हॉट डिड दे से?" मी म्हटलं, सगळे हॅटीबद्दल बोलत होते. तिचा प्रॉब्लेम कसा सोडवायचा, वगैरे.

"पण आय ग्रॅब्ड हर हूड, आई," ती म्हणाली. "उल्का मावशीने सांगितलं होतं, फक्त टच करायचं, पकडायचं नाही. मी पकडलं. आणि तू सगळ्यांना लिहिलंस की शी इज द प्रॉब्लेम."

आठ वर्षांची पोर. माझ्याकडे बघतही नव्हती, चित्रात रंग भरत होती.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी उल्काताईच्या दारात उभी राहिले. दार केदारने उघडलं. मला बघून तो क्षणभर घोटाळला, मग "ये ना" म्हणाला आणि लाँड्रीचं निमित्त काढून तळघरात गेला. उल्काताई गोळाभाताचे गोळे वळत होती. हात बेसनाने माखलेले.

"बस," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

"उल्काताई, मी सॉरी म्हणायला आलेय."

"कशाबद्दल?"

"ती ईमेल. तुझं नाव नव्हतं त्यात, पण..."

"नाव नसलं म्हणून काय झालं बाप्पा, पत्ता तर माझाच होता." तिने एक गोळा ताटात ठेवला. "तुझी पोर होती तिथे. तू चिडलीस, बरोबर आहे. मीही चिडले असते. पण तू मला फोन करायला पाहिजे होता, रेणू. दोन वर्षं तुझी पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढतेय. तू ऑफिस सुटून उशिरा पोचायचीस तेव्हा ती माझ्याजवळ बसायची. आणि तू सगळ्या गावाला लिहिलंस अन् मलाच नाही लिहिलं."

तिने पुढचा गोळा वळायला घेतला. मग म्हणाली, "मी राजीनामा दिला होता, माहीत आहे? त्या रात्री वल्लरी मला म्हणाली, मॉम, तू सोडलंस तर त्या मुलीला वाटेल तिच्यामुळे गेली. बारा वर्षांची आहे. एरवी माझ्याशी धड बोलत नाही." तिने मनगटाने डोळे पुसले आणि बेसन गालाला लागलं.

"मंगळवारी मी घरून काम करते," मी म्हटलं. "सकाळी नऊ ते अकरा लायब्ररीत बसू शकते. लॅपटॉप घेऊन."

"लॅपटॉप आण. पण ती आली की बंद करायचा." मग ती पहिल्यांदा हसली. "आणि तिला प्रश्न विचारायचे नाहीत. तुम्हा पुणेकरांना जड जाईल."

पुढच्या शनिवारी बैठक अर्ध्या तासात संपली. ज्यांनी 'सगळीच मुलं निघाली तर' विचारलं होतं, ते म्हणाले, मला हे अजून पटत नाही, पण मी आड येणार नाही. क्वेकर लोकांत असं बाजूला उभं राहता येतं. त्या कुटुंबाने पुढच्या वर्षी मुलाला दुसऱ्या शाळेत घातलं. एकमेकांना भेटलो की अजूनही छान बोलतो आम्ही. पण ते गेले, हेही खरं आहे.

पहिल्या आठवड्यात हॅटी एका दिवसात अकरा वेळा वर्गातून निघाली. माझ्या पहिल्या मंगळवारी ती लायब्ररीत आली, माझ्याकडे संशयाने बघितलं, मी लॅपटॉप बंद केला. ती खिडकीखाली बसली. पाच मिनिटांनी उठून गेली. माझ्यासाठी इतकं अवघड काम त्या वर्षात दुसरं नव्हतं. ना काही बोलायचं, ना काही सोडवायचं. नुसतं तिथे असायचं. चौथ्या मंगळवारी ती म्हणाली, "तू आन्याची आई आहेस."

"हो."

"तिने मला पत्र लिहिलंय."

मला माहीत नव्हतं. मी काही विचारलं नाही. ते जड गेलंच.

खो-खो उल्काताईने त्या वर्षी पुन्हा घेतला नाही. मुलांनी खूप मागे लागून पाहिलं. "अजून नाही," एवढंच ती म्हणायची. खांब काढून टाकले, आणि वॉल्टरने ते टोमॅटोच्या वेलांना लावले. फाटकापाशी त्याने स्वतःच्या हाताने एक आडवा उंचवटा करून घेतला, गाड्या हळू याव्यात म्हणून. त्याच्या शेडमध्ये मांजरीजवळ एक छोटी खुर्ची आली.

हिवाळा संपेपर्यंत अकराचे चार झाले, मग दोन. कधी एखादा वाईट आठवडा यायचा आणि पुन्हा सात-आठ. त्या वडिलांचा प्रश्न मात्र खरा ठरला, वेगळ्या अर्थाने. दुसरी मुलंही निघायला लागली. सगळी नाही, पण एखादं, कधीतरी. पुढच्या वर्षी पुण्याला माझे वडील गेले. जगन्नाथ आजोबा आन्याचे फार लाडके; रोज व्हिडिओ कॉलवर बुद्धिबळ खेळायचे दोघं. मी चार दिवसांसाठी धावत गेले आणि आले. घरी आन्या माझ्यासमोर एकदाही रडली नाही. नंतर किचनमधल्या बाईंनी मला सांगितलं, ती तीन वेळा कार्ड ठेवून त्यांच्याकडे आली होती आणि पिठाच्या डब्यावर बसून रडून गेली होती. सोबत हॅटी होती, दाराशी उभी. आत कुणी येऊ नये म्हणून.

हे ऐकून मी गाडीत बसून खूप रडले. वडिलांसाठी रडायचं राहिलं होतं, तेही त्यात झालं.

आता हॅटी पाचवीत आहे. कधी कधी अजून निघते. दर मंगळवारी मी लायब्ररीत असते, ओवेन आपल्या सुट्टीच्या दिवशी ऑफिसातल्या माशांना खाणं घालतो, आणि आणखी चौदा पालकांची नावं चार दारांच्या पाळ्यांच्या तक्त्यावर आहेत. त्यातल्या निम्म्यांची मुलं हॅटीच्या वर्गात कधी नव्हतीच. उल्काताईने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन विशेष शिक्षणाची पदवी घ्यायला सुरुवात केलीय, शेहेचाळिसाव्या वर्षी. असाइनमेंट वल्लरीकडून तपासून घेते, आणि वल्लरी ओरडते, "मॉम, हे वाक्य इंग्लिशमध्ये असं नसतं!"

गेल्या जानेवारीत नागपूरला उल्काताईच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिने तीन आठवड्यांची रजा घेतली. जायच्या आधी दहा दिवस ती मुलांना सांगत होती, मी अमुक दिवशी जाणार, तमुक दिवशी येणार. हॅटीला तिने कॅलेंडरवर खुणा करून दिल्या. आम्हा पालकांना इतक्या सूचना दिल्या की शेवटी वॉल्टर म्हणाला, "उल्का, आम्हीही इथेच राहतो."

ती पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशीच मला फोन आला. आमच्याकडे सकाळ, तिच्याकडे संध्याकाळ. मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या.

"कसं चाललंय?"

"छान. काल हॅटी एकदाच निघाली. शेडमध्ये गेली, दहा मिनिटांनी परत."

"आणि तो पहिलीतला, सकाळी गाडीतून उतरत नाही तो?"

"ओवेनने उतरवलं. आज तर आपणहून उतरला."

"जेवणाच्या हॉलमध्ये?"

"सगळं नीट आहे, उल्काताई. खरंच. काही अडत नाहीये."

कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"काहीच नाही अडत?" तिचा आवाज जरासा दुखावल्यासारखा आला. पुढच्या क्षणाला ती स्वतःच हसली. मागून तिच्या आईने काहीतरी विचारलं, तिने "हो, आले" म्हणून उत्तर दिलं.

"बरं," ती म्हणाली, "मग मी एक आठवडा आणखी राहते आईजवळ."